अडचण नव्हे, कॅन्सर म्हणा

सुर्ल्याच्या रस्त्याला माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, थोडे बांक, एक चूल, एक गॅस आणि माझी जीभ. खाणी जोरात चालत तेव्हा खनिजाचे टिपर दारातून सारखे धावत आणि ड्रायव्हर लोक उसळ-पाव खायला थांबत. त्यातले निम्मे माझ्या माहेरच्या बाजूचे, बांदा-दोडामार्गचे. ताटात टाकून कोण उठला तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि तोच दुसऱ्या दिवशी हात धुऊन पहिला बसायचा. नाव माझं लक्ष्मी, पण सगळा रस्ता मला वहिनी म्हणतो.

असली तोंडाळ बाई कित्येक महिने मुकी होऊन घरात बसली होती. का बसली आणि कशी उठली, ते सांगायला हे लिहिते आहे. आजार कशाने होतो आणि कुठलं औषध कशावर, ते डॉक्टरांना विचारा, मला त्यातलं कळत नाही. मी आजाराने जेवढी खंगले त्याहून जास्त कुजबुजीने खंगले. ज्यांच्या घरात आज अशी कुजबुज चालू असेल त्यांनी हे वाचावं.

शिरा

छातीतली गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली. चुलीपुढे उभी राहून उष्णता झाली असेल म्हणून मी सब्जा पीत बसले. माझ्या मुलीने, रेश्माने, ते बघितलं आणि मला धरूनच डॉक्टरकडे नेलं. तिथून मोठ्या हॉस्पिटलात. सुया टोचल्या, फोटो काढले, आणि निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आत बोलावलं आणि मला बाहेर बांकावर बसायला सांगितलं. गाठ माझ्या अंगात आणि बातमी नवऱ्याला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आज वाटतं.

नवरा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाला काय नाय, चल, भूक लागली. खाली नेऊन त्याने मला शिरा घेऊन दिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने मला बाहेर कधी साधा वडा खायला घातला नव्हता. घरचं हॉटेल असताना बाहेर कशाला खायचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे तो शिरा पुढ्यात आला तेव्हाच मी ओळखलं, बातमी वाईट आहे.

पुढच्या खेपेला ज्या खोलीत जायचं होतं तिच्या दारावर पाटी होती. नवरा पाटीपुढे उभा राहून ती झाकायला बघत होता, पण पाटी त्याच्या डोक्याच्या वर. मी दहावीपर्यंत शिकलेली आहे. कॅन्सर हा शब्द मला वाचता येतो. मी त्याला म्हटलं, सरक बाजूला, आत जायचंय. आत गेले आणि मग मला रडू आलं. खूप भीती वाटली. रेश्माचं कसं होणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तां

आमच्या घरात शब्द माझ्या नवऱ्याचा किंवा माझा चालत नाही, तो आबा भावजींचा चालतो. आबा भावजी म्हणजे माझे थोरले दीर. माणूस वाईट नाही. सासरे गेल्यावर त्यांनीच घर सांभाळलं. पण गावात काय बोलायचं आणि काय नाही, हे ते ठरवणार, असा शिरस्ता पडून गेलेला.

त्यांनी ठरवलं की बाहेर कळता कामा नये. कळलं तर लोक माझ्या हातचं खाणार नाहीत, हॉटेल बसेल. गावाला सांगायचं की लक्ष्मी माहेरी गेली आहे, भावाच्या घराचं काम चाललंय. हॉटेलात माझ्या जागी थोरल्या जावेला उभं केलं. आणि मी कुठे? हॉटेलच्या समोर, रस्त्यापलीकडे, माझ्याच घरात, जनेल लावून. जनेल म्हणजे आमच्याकडे खिडकी. तिच्या फटीतून मी माझं हॉटेल बघायची. जाऊबाई उसळीत नारळ घालताना हात आखडतात हे मला तिथून दिसत होतं आणि माझा जीव वरखाली होत होता.

घरात आजाराचं नाव कोणी घेत नसे. त्याला सगळे 'तां' म्हणत. तां म्हणजे ते. आज तां कसां असा? तांचो डॉक्टर काय म्हणालो? बाळंतपणात मूल गेलेल्या बाईपुढे बोलतात तसं दबकून बोलायचे. माझं ताट-पेला वेगळा झाला. कोणी सांगितलं नाही, एक दिवस फळीच्या टोकाला माझं ताट एकटंच पालथं दिसलं. मला एवढा राग आला की ते ताट उचलून मी अंगणात फेकलं. रेश्माने जाऊन ते आणलं, धुतलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याच ताटात जेवायला लागली.

एक थान काढलं. मग सलाईनमधून औषध सुरू झालं. ते घेऊन आलं की दोन-तीन दिवस आतडी बाहेर येतील अशी ओकारी. शेजारी ऐकतील म्हणून ती पण आवाज न करता काढायची. तोंडात पदर कोंबून ओकलेलं आहे कधी कोणी? मी ओकले आहे. आजारात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली विचाराल तर त्याची वाटते.

केस गळायला लागले तेव्हा रेश्माने सगळेच काढून टाकले. आरशात बघितलं तर कपाळ संपतच नव्हतं. जाऊबाई दारात येऊन बघून डोळे पुसत परत गेल्या. मी कुंकवाचा करंडा मागवला आणि एवढं मोठं कुंकू लावलं की रेश्मा म्हणाली, आई, जत्रेतल्या देवीसारखी दिसतेस. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसताना टाके दुखत होते.

मारियाबाय

हॉस्पिटलात मारियाबाय म्हणून एक होती. म्हापशाकडची किरिस्ताव बाई, माझ्याहून लहान. औषधाच्या खोलीत फिरून ती एकेकीला आपल्या खोलीत बोलवायची. समुपदेशन म्हणायचं त्याला. मला बोलावलं तेव्हा मी सरळ सांगितलं की मी काय पिशी नाही, मला वेड लागलेलं नाही, आणि तुमच्यासारखं पाद्रीकडे जाऊन पापं सांगायची आमच्यात रीत नाही. ती हसली. म्हणाली, "पापां नाकात. कदेलार बस, फॅन आसा."

कदेल म्हणजे खुर्ची. फॅनसाठी बसले. दुसऱ्या खेपेलाही फॅनसाठीच बसले. ती काहीबाही विचारायची, मी बरी आहे म्हणायची. मग एकदा तिने विचारलं, "तुज्या घरांत ह्या दुयेंसाचें नांव कोण घेता?"

दुयेंस म्हणजे आजार. मी घरातलं एकेक माणूस आठवायला लागले. नवरा नाही. भावजी नाहीत. जाऊ नाही. रेश्मासुद्धा नाही, ती 'तुझं औषध' म्हणायची. आणि मी? मीही नाही. मग जे काय बाहेर पडलं ते विचारू नका. मी मेजावर हात आपटला. जाऊबाईच्या उसळीपासून पालथ्या ताटापर्यंत, नवऱ्याच्या शिऱ्यापासून भावजींनी रचलेल्या माहेरापर्यंत, सगळ्यांचा हिशोब तिथे चुकता केला. शिव्यासुद्धा दिल्या, ड्रायव्हरांकडून शिकलेल्या. बाहेर बांकावर बसलेल्या बायांना ऐकू गेलं असणार. मारियाबायने मला मध्ये तोडलं नाही, धीर धर म्हणाली नाही, देव बघतोय म्हणाली नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि बसून राहिली. एवढ्या महिन्यांत माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारं पहिलं माणूस ती.

मी दमले तेव्हा तिने विचारलं, "आनी आतां तुका कितें जाय?"

काय हवंय? ते मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. मी म्हटलं, मला माझ्या हॉटेलात उभं राहायचंय. बोडकं डोकं घेऊन, नाव सांगून. लोकांनी माझ्या हातचं खाल्लं तर खाल्लं, नाही खाल्लं तर माझ्या तोंडावर नाही म्हणावं. मी जिवंत असताना माझ्या दारासमोर मला माहेरी पाठवलेलं मला चालणार नाही. मारियाबाय म्हणाली, हे जसं मला सांगितलंस तसं घरी सांग. मी म्हटलं, बाय, तू आमच्या भावजींना बघितलेलं नाहीस.

घरी सांगितलं. भावजी शांतपणे म्हणाले, आधी बरी हो, मग बघू. नवरा मान खाली घालून बसला. त्यालाही मी सोडलं नाही, पण त्याने एवढंच उत्तर दिलं की दादाचा शब्द कसा मोडू. त्या रात्री मला वाटलं, औषध पुरे झालं, नको आता ते. कशासाठी घ्यायचं? बंद जनेलामागे जगायला? पुढच्या खेपेला रेश्माने मला जवळजवळ ओढत गाडीत बसवलं.

गाऱ्हाणं

आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा, वस्ती राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. वर्षातून एकदा त्याला नारळ देतात आणि मग सगळ्या वाड्याचं जेवण. रस्त्यावरचे ड्रायव्हरही येतात, कारण त्यांच्या गाड्या राखणारा तोच. नारळ फोडायच्या आधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे काय हवं-नको ते देवापुढे मोठ्याने मांडतात. थोरला पुरुष एकेक मागणं बोलतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बायकांनी मागे उभं राहायचं.

त्या दिवशी घरचं माणूस कमी असून चालत नाही, म्हणून मला बाहेर काढलं. डोक्यावरून पदर गच्च. कोणी विचारलं तर म्हणायचं, आजच माहेराहून आले. मी मागे बायकांत जाऊन उभी राहिले. इतक्या दिवसांनी उन्हात उभं राहायलाही बरं वाटत होतं.

आबा भावजींनी सुरू केलं. आवाज त्यांचा खणखणीत.

"बा राखणदारा म्हाराजा, सालाबादप्रमाण ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा, तो मान्य करून घे."

व्हय म्हाराजा.

मग गुरांचं झालं, शेताचं झालं, पोराटोरांच्या परीक्षा झाल्या. गाड्या रस्त्यावर असतात, त्यांना अपघात होऊ देऊ नको, झालं. प्रत्येक गोष्टीला नाव होतं. वाड्यातल्या कोणाची म्हैस गाभण राहत नव्हती, तिचंही नाव घेऊन झालं. मग भावजी थांबले, खाकरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आमच्या घरच्या लक्षुमीक जी काय अडचण आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

कोणीच 'व्हय' म्हणेना. आता आमच्याकडे बाईची अडचण म्हणजे एकच. महिन्याची. माझ्या शेजारच्या बायांनी चटकन पदर आवरला आणि माझ्यापासून लांब सरकल्या. एक पुटपुटली, अडचण आहे तर देवाच्या कामाला आली कशी. पुढे पुरुष माना वळवून बघायला लागले. भावजींच्या लक्षात आपण काय बोललो ते आलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घेणार? त्यांचे कान लाल झाले.

मला एकदम हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग. म्हशीचं गाऱ्हाणं नीट झालं आणि माझं असं. मी पदर मागे टाकला आणि बायकांतून वाट काढत पुढे गेले.

"भावजी, माझी अडचण गेली तेका वर्सां झाली. माका कॅन्सर झालो हा. देवाक तसाच सांगा."

भावजी नारळ हातात धरून तसेच उभे. मग मीच राखणदाराकडे तोंड केलं. बाईने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे चाल नाही, पण ज्याचं दुखणं त्यालाच ते मांडता येतं.

"बा राखणदारा म्हाराजा, भावजींच्या तोंडात येणा नाय म्हणून मी सांगतंय. माका कॅन्सर झालो. माझा एक थान काढल्यानी, केस गेले, औषध अजून चालू असा. मी म्हायेराक गेलंय नाय, ह्याच घरात जनेल लावन बसलंय. ह्यो रोग कोणाच्या हातचा खाल्ल्यान लागणा नाय, डॉक्टरान सांगल्यान हा. उद्यापासून मी माझ्या हॉटेलात उभी रवतलंय. माझ्या हातचा खावक ज्याका भय वाटता, तेचा भय काढ. निघणा नसात तर तेका दुसऱ्या हॉटेलात धाड."

आणि मी थांबले. गाऱ्हाण्याला होकार नाही आला तर ते तसंच लोंबकळत राहतं, पोचत नाही, असं म्हणतात. कोणी बोलेना. माझ्या बोडक्या डोक्यावर ऊन चटचटत होतं. मला वाटलं, संपलं, आता मागे फिरायचं आणि परत जनेलामागे जाऊन बसायचं.

तेवढ्यात पुरुषांतून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." माझा नवरा. मान खालीच होती, डोळे गळत होते, पण दादा समोर असताना तो बोलला. त्याच्यामागून बाबल ड्रायव्हर, माझं रोजचं गिऱ्हाईक, चांगला दणकून बोलला. मग आणखी काही आवाज आले. सगळे नाहीत. भावजींनी नारळ फोडला.

जेवणाला काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे होते. जाऊबाईच्या हातातला डाव मी घेतला आणि वाढायला उतरले. बाबलने पत्रावळ पुढे केली आणि म्हणाला, "वहिनी, जास्त घाल, ह्या सालात पोट भरलाच नाय." पंगतीतल्या काही जणांनी घेतलं, काही जण काम आठवलं म्हणून उठले. मी प्रत्येकाकडे नीट बघून घेतलं. भावजी म्हणाले, माझा उपास आहे. राखणदाराच्या जेवणाला उपास कधी कोणी ऐकलाय? पण मी काही बोलले नाही.

नंतर

दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडलं. एक वेळ उभी राहायची, मग रेश्मा हाताला धरून घरी न्यायची. उरलेलं औषध पुरं केलं. समोरच्या दोन घरांनी माझ्याकडची भजी घ्यायची सोडली, ती अजून घेत नाहीत. त्यांच्यावाचून माझी कढई रिकामी राहिलेली नाही.

मात्र मागच्या दाराने बाया यायला लागल्या. पीठ मागायला, विरजण मागायला, असं काहीतरी निमित्त काढून. मग हळूच, वहिनी, मलाही इथे काहीतरी लागतंय. मी मारियाबायचंच केलं. मध्ये तोडायचं नाही, देव बघतोय म्हणायचं नाही, पाणी पुढे ठेवायचं. फक्त नाव घेतल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही, ही माझी भर. मारियाबायला सांगितलं तर म्हणाली, हे थोडं जास्तच होतं. म्हटलं, असू दे, फॅन नाही ना माझ्याकडे.

अजून तपासणीला जाते. निकालाच्या आदल्या दिवशी अजून भीती वाटते आणि मी ती सगळ्या हॉटेलला ऐकवते. आता डॉक्टर मला आत बोलावतात आणि नवरा बाहेर बांकावर बसतो.

आबा भावजी त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलत. पाणीसुद्धा माझ्या हातचं घेत नसत. मीही मागे लागले नाही. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, वाटत होतं.

खाणी बंद पडल्यानंतरची गोष्ट. दुपारी हॉटेल ओस होतं. भावजी आले आणि कोपऱ्यातल्या बांकावर बसले. मी भांडी घासत होते, घासतच राहिले. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लक्षुमी, माका लघवीतून रगत जाता."

मी हात धुतले. विचारलं, "घरात सांगल्यात?"

"नाय. तुकाच सांगतंय."

जीभ शिवशिवत होती, खोटं कशाला बोलू. माहेर, पालथं ताट, उपास, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण एवढं सांगायला ते सगळं घर सोडून माझ्याकडे आले होते. मी समोरच्या बांकावर बसले. किती दिवसांपासून, दुखतं का, झोप लागते का, एकेक विचारलं आणि ते एकेक सांगत गेले. या माणसाने उभ्या आयुष्यात माझ्याशी एवढं बोलणं केलं नव्हतं. शेवटी भीती वाटते म्हणाले. मी म्हटलं, वाटणारच, उद्या सकाळी माझ्याबरोबर चला.

मग मी उठून चहा केला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उचलला आणि प्यायले. मी पाव दिला. तो चहात बुडवून खाल्ला आणि आणखी एक मागितला.